ग्लासगोची नाईल

इंग्रजी गाणे म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. केस वाढवलेले चार तरुण, गळ्यात गिटारी, मागे ढोल बडवणारा एक इसम आणि समोर किंचाळणाऱ्या मुली. या चित्रात खोटे काही नाही. पण मराठी संगीत म्हणजे लग्नाच्या वरातीतला बँड असे एखाद्या साहेबाने ठरवून टाकावे, तितकेच ते खरे आहे. विलायतेत १९८०च्या दशकात अशी काही मंडळी होऊन गेली, की ज्यांनी हे पॉप गाणे पैठणीच्या पदरासारखे धागा धागा मोजून विणले. जाझमधले अवघड स्वरमेळ घेतले, जुन्या नाट्यगीतांची नजाकत घेतली, नवीन निघालेल्या विजेच्या वाद्यांचा धुक्यासारखा पडदा मागे सोडला, आणि पुढे एक माणूस आपला हळू आवाजात बोलल्यासारखा गातो आहे. समीक्षकांनी मागाहून याला ‘सोफिस्टी-पॉप’ असे नाव ठेवले. मला ते नाव अत्तराच्या जाहिरातीसारखे वाटते. मी आपला मनातल्या मनात त्यांना ‘घरंदाज गाणी’ म्हणतो.

आता कुणी विचारील, राजापूरकडच्या एका ड्रॉइंग मास्तराला या साहेबी घराण्याची उठाठेव हवी कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे हल्ली ज्याला दहावी म्हणतात तेवढे. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्यांच्या जोरावर शाळेत चिकटलो. चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन वाचनालयांतून हिंडून फाटल्या, हे माझे भाग्य. इंग्रजी मात्र अजून वीरकरांच्या डिक्शनरीचे बोट धरून चालते. पण गाणे कानात शिरताना शाळा सोडल्याचा दाखला मागत नाही, हा त्याचा मोठाच चांगुलपणा.

हे वेड आमच्या घरात आणले ते मामाने. मामा मालवाहू बोटीवर, इंजिनखोलीत. वर्षातले नऊदहा महिने समुद्रावर आणि उरलेले आमच्या पडवीत, झोपाळ्यावर. स्कॉटलंडात क्लाइड नदीच्या मुखाजवळ हंटरस्टन म्हणून एक धक्का होता. कोळशाची आणि लोखंडाच्या मातीची मोठी जहाजे तिथे रिकामी होत. तिथे बोट चार दिवस खोळंबली असताना मामा ग्लासगो शहर बघून आला, आणि १९९६च्या पावसाळ्यात घरी आला तेव्हा त्याच्या पेटीतून साबण, चॉकलेटे, आईसाठी एक शाल आणि एक कॅसेट निघाली. कॅसेटवर नाव होते ‘हॅट्स’, आणि वाजवणाऱ्यांचे नाव ‘द ब्लू नाईल’. मामाला गाण्याचे अंग नाही. आरतीतसुद्धा तो टाळ तेवढे वाजवतो. तेव्हा ही कॅसेट का घेतलीस, असे मी विचारले. तो म्हणाला, “दुकानात लागली होती. समजलं काय नाय रे. पण परत बोटीवर जावंसं वाटेना.”

एवढे बोलून तो आंघोळीला गेला. त्या कॅसेटविषयी आणि एकंदरीत बोटीवरच्या आयुष्याविषयी मामाने माझ्याजवळ काढलेले सर्वांत लांब उद्गार ते हेच.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. कॅसेट लावली ती गोऱ्यांचे काही धांगडधिंग्याचे ऐकायला मिळेल म्हणून. निघाले भलतेच. दूर कुठेतरी एका यंत्राचा ठोका पडतो आहे, रात्री ओल्या रस्त्यावरून एकटी मोटार जावी तसा. त्यावर सुरांचे पातळ थर. बऱ्याच वेळाने एक माणूस गाऊ लागतो, आणि तो गातो की स्वतःशी पुटपुटतो हे कळत नाही. अधूनमधून एकदम त्याचा आवाज फुटतो. ठरवून नव्हे, आवरेनासे झाले म्हणून. आमच्याकडे बाहेर कौलांवर पाऊस धो धो कोसळत होता, वीज गेली होती, कॅसेट सेलवर चालली होती. शब्दांतले मला चार कळले असतील. पण हे एका मोठ्या शहरातले, पावसातले, घरी परत न जाता हिंडणाऱ्या माणसाचे गाणे आहे, हे मला कुणी सांगावे लागले नाही. मग मामाला बोटीवर परत जावेसे का वाटले नाही तेही थोडेसे कळले. थोडेसेच.

पुढे मोबाइल आणि इंटरनेट आमच्या गावापर्यंत पोचले, तेव्हा मी या ‘निळ्या नाईल’चा माग काढला. नाव नदीचे, ते पुन्हा आफ्रिकेतल्या. आणि मंडळी पक्की ग्लासगोची. तिघेच जण: गाणारा पॉल ब्युकॅनन, आणि रॉबर्ट बेल व पॉल जोसेफ मूर. ग्लासगोच्या विद्यापीठाच्या दिवसांत जमलेली ही मैत्री. त्यांची पहिली तबकडी १९८४ची, ‘अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स’. ती काढली कुणी? तर लिन नावाच्या स्कॉटिश कारखान्याने. हा कारखाना तबकड्या वाजवायची उंची यंत्रे बनवणारा. म्हणजे आमच्याकडे तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या कारागिराने एखाद्या गवयालाच आसरा द्यावा, तसा प्रकार. यंत्र चांगले असेल तर त्यावर वाजवायलाही तसेच काही हवे, हा हिशेब मला फार आवडला.

त्या पहिल्या तबकडीत गाणी सात. ‘हॅट्स’ आली १९८९मध्ये, त्यातही सातच. तिसरी १९९६मध्ये, चौथी २००४मध्ये. वीस वर्षांत चार. ‘हॅट्स’साठी केलेले पहिले बरेचसे काम त्यांनी मनाला न आल्यामुळे टाकून दिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाच वर्षांत सात गाणी! आमच्याकडे एवढ्या वेळात माणूस सरपंच होतो आणि पडतोही.

पण ऐकताना कळते की त्यांचा वेळ कशात गेला. भरण्यात नव्हे, काढून टाकण्यात गेला. मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसवतो. जलरंगात मुलांना सगळ्यांत अवघड जाते ते काय, तर कागद पांढरा सोडणे. रंग लावायला कुणीही शिकतो. पाण्यावरचा उजेड हा रंगाने दाखवता येत नाही, तिथे ब्रशच लावायचा नाही, हे सांगितले की मुले माझ्याकडे संशयाने बघतात. मास्तर रंग वाचवतात की काय, अशी त्यांना शंका येते. ‘हॅट्स’मध्ये असा पांढरा कागद जागोजागी आहे. एक सूर वाजतो, मग काही नाही, मग पुन्हा तोच सूर. त्या ‘काही नाही’मध्ये सगळे शहर मावलेले असते. मुलांना हे ऐकवून पाहिले. एकाने विचारले, “सर, नेट गेलं का?”

या प्रकरणात मला एकट्याला राहू दिले नाही ते आमच्या शाळेच्या इंग्रजीच्या बाईंनी. बाई मुंबईत वाढलेल्या, घरात वडिलांच्या तबकड्यांचा संग्रह. मधल्या सुट्टीत मी एकदा ‘हॅट्स’ची स्तुती केली, तर त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, “सर, ते चांगलेच आहेत. पण तुम्ही प्रीफॅब स्प्राउट ऐकलं नाहीत, तर तुम्ही वरण खाऊन जेवण झालं म्हणताय.”

त्या दिवसापासून आमचा वाद सुरू आहे. शिक्षकांच्या खोलीत वेतनश्रेणीवर वाद होतात, शिक्षणाधिकाऱ्यांवर होतात. हा आमचा तिसरा विषय. बाकीचे शिक्षक सुरुवातीला ऐकत असत. आता ते हाजरीपटात तोंड घालतात.

प्रीफॅब स्प्राउट हे नाव विचित्र आहे, आणि त्याचा अर्थ शोधू नये हे उत्तम. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगणा आहे, कोळशाच्या खाणींचा. तिथल्या विटन गिल्बर्ट नावाच्या खेड्यात मॅकअलून कुटुंबाचा पेट्रोल पंप होता. थोरला मुलगा पॅडी हा काही काळ धर्मगुरूंच्या शाळेत शिकला, आणि मग वडिलांच्या पंपावर पेट्रोल भरता भरता गाणी रचू लागला. धाकटा भाऊ मार्टिन साथीला, आणि वेंडी स्मिथ नावाची मुलगी; तिचा आवाज म्हणजे कुणी खांद्यामागे उभे राहून श्वास सोडावा तसा. आमच्याकडे मळ्यात राबता राबता अभंग रचणारे सावता माळी होऊन गेले आहेत, तेव्हा पेट्रोल पंपावर कविता सुचल्याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते तिच्या जातीचे. खेड्यातल्या पंपावर बसून हा माणूस अमेरिकेतल्या जुन्या नामांकित नाट्यगीतकारांशी स्पर्धा करायला निघाला होता!

त्यांची पहिली तबकडी १९८४ची. ती मला झेपली नाही आणि बाईंनाही पुरती झेपते असे मला वाटत नाही, जरी त्या तसे कबूल करीत नाहीत. अवघड शब्द, त्याहून अवघड चाली, एका गाण्यात चार गाण्यांची सामग्री. नव्या लेखकाची पहिली कादंबरी अशीच असते. मग थॉमस डॉल्बी नावाचा एक वाद्यकुशल तरुण त्यांना भेटला. तो पॅडीच्या घरी गेला, पॅडीने गिटार घेऊन साठवणीतली गाणी एकामागून एक त्याला म्हणून दाखवली, आणि डॉल्बीने त्यांतून निवड केली. त्यातून १९८५च्या जूनमध्ये ‘स्टीव्ह मॅक्वीन’ ही तबकडी निघाली. स्टीव्ह मॅक्वीन हा अमेरिकन सिनेमातला नट. तो १९८०मध्ये वारला होता. त्याच्या वारसांनी हरकत घेतल्यामुळे अमेरिकेत ती तबकडी दुसऱ्याच नावाने विकावी लागली.

वर्ष ध्यानात घ्या. १९८४च्या मार्चपासून पुढच्या मार्चपर्यंत इंग्लंडात खाणकामगारांचा मोठा संप चालला होता आणि तो मोडला. डरहॅमच्या घराघरात त्याची झळ. संप संपला आणि तीन महिन्यांनी त्याच परगण्यातून ही मखमली गाणी आली. प्रेमभंगाची, पश्चात्तापाची, स्वतःलाच टोचून बोलणारी. बाईंना मी एकदा म्हटले, “शेजारी चूल पेटत नाही, आणि हा प्रेमाची गाणी काय म्हणतो?” त्या म्हणाल्या, “मग काय घोषणा लिहायच्या? गरिबाच्या मुलाला नाजूक काही सुचूच नये का?”

यावर मी गप्प बसलो. कारण हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला होता. माझ्या कादंबऱ्यांतल्या माणसांना इतके तरल विचार सुचतात कसे, ती तर मासे विकणारी, असे एका परीक्षणात छापून आले होते, ते बाईंच्या लक्षात होते.

आमच्या वादाचा गाभा असा. बाईंच्या मते गाण्यात शब्द थोर, आणि शब्दांत पॅडीचा हात धरणारा कुणी नाही. प्रत्येक ओळीला एक गिरकी, प्रत्येक गिरकीत एक चिमटा. माझ्या मते ब्युकॅनन शब्द इतके थोडे आणि इतके साधे वापरतो, की मॅट्रिकवाल्याला डिक्शनरी काढावी लागत नाही. बाई म्हणतात, हा तुमच्या आळसाचा निकष आहे. मी म्हणतो, दिवे, पाऊस, गाडी, रात्र या चार शब्दांत माणसाला रडवणे ही आळशाची कामे नव्हेत. मग घंटा होते.

मात्र एका बाबतीत बाईंनी मला पुरते गार केले. ‘स्टीव्ह मॅक्वीन’ पुन्हा २००७मध्ये निघाली, तेव्हा तिच्यासोबत पॅडीने त्यांतली आठ गाणी नव्याने म्हणून दिली. तरुणपणी रचलेली गाणी, आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर. डॉल्बीचे धुके नाही, ढोल नाही, गिटार आणि आवाज. चाली थोड्या बदललेल्या, गती उतरलेली. बाईंनी मला आधी जुने ‘बॉनी’ ऐकवले, मग नवे. निघून गेलेल्या माणसाविषयीचे ते गाणे आहे. जुन्यात तरुणाला दुःख झाले आहे आणि ते आपल्याला किती चांगले सांगता येते याचा त्याला थोडा आनंदही झाला आहे. नव्यात तो आनंद गेला आहे, दुःख राहिले आहे. शब्द तेच. मी बराच वेळ काही बोललो नाही. बाई म्हणाल्या, “सर, तुमचा तास आहे.” मी आठवी ‘ब’च्या वर्गात गेलो आणि मुलांना मनाला येईल ते काढायला सांगितले.

या दोन घराण्यांच्या आजूबाजूला बाकीचीही पुष्कळ मंडळी आहेत. स्क्रिटी पोलिटी म्हणून एक आहेत. त्यांच्या म्होरक्याने आपल्या संघाचे नाव ग्राम्शी या इटालियन विचारवंताच्या लेखनावरून घेतले, आणि १९८५मध्ये गाणी काढली ती मात्र पेढ्यासारखी गोड. त्यांतले एक गाणे थोर जाझवादक माइल्स डेव्हिस याने पुढच्याच वर्षी आपल्या ‘टुटू’ या तबकडीत वाजवले, म्हणजे त्यात काही असले पाहिजे. पण मला ती सगळी तबकडी संस्कारभारतीच्या रांगोळीसारखी वाटते: रंग किती, सफाई केवढी, आणि पाऊल ठेवायला जागा नाही. हल विद्यापीठात भेटलेल्या दोघा विद्यार्थ्यांनी ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ हे नाव तिथल्या एका दुकानाच्या पाटीवरून उचलले. त्यांचे १९८४चे ‘ईडन’ रविवारी दुपारी ऐकावे, चांगले आहे.

यांतल्या काहींचा वाडवडील म्हणावा असा एक मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. रॉक्सी म्युझिकचा ब्रायन फेरी. हाही डरहॅमचाच, वॉशिंग्टन गावचा. त्याचे वडील खाणीत राबणाऱ्या तट्टांची देखभाल करीत. फेरी न्यूकॅसलच्या विद्यापीठात चित्रकला शिकला, आणि त्याला शिकवायला होते रिचर्ड हॅमिल्टन, विलायतेत पॉप कलेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. याच हॅमिल्टनने १९६८मध्ये बीटल्सच्या तबकडीचे वेष्टन केले. काय केले? कोरे पांढरे ठेवले. वर नाव उठावात आणि एक अनुक्रमांक, बस्स. ते मला कळले त्या दिवशी मी दुसऱ्या तासाला मुलांना ते वेष्टन मोबाइलवर दाखवले आणि म्हटले, “बघा, जगातल्या एका मोठ्या मास्तरानेसुद्धा कागद पांढरा सोडला.” पाण्यावरचा उजेड त्या वर्षी सहा मुलांना जमला. फेरीने १९८२मध्ये ‘अॅव्हलॉन’ ही रॉक्सीची शेवटची तबकडी काढली. तीत सगळे इतके झुळझुळीत आहे, की पुढच्या मंडळींनी तिथून कापड उचलले हे सहज समजते. फक्त मला फेरीच्या गाण्यात नेहमी इस्त्रीचा वास येतो. तट्टांचा येत नाही.

हे सगळे मी करमणूक म्हणून सांगतो आहे खरा. पण गेली दोन वर्षे हा विषय माझ्या घरात करमणुकीचा राहिलेला नाही. माझी चौथी कादंबरी २०१७मध्ये निघाली. पाचवी एका बोटीवरच्या माणसाची आहे. हा माणूस कोण, हे वाचकांनी ओळखले असेल. दोनशे पाने झाली आहेत. एक प्रकरण सोडून सगळे जागेवर आहे. ते प्रकरण एका रात्रीचे: परक्या शहरात, पावसात, हा खलाशी एका दुकानाबाहेर उभा आहे आणि आतून गाणे ऐकू येते. त्याच्या मनात काय झाले, ते मला लिहिता येत नाही. अकरा वेळा लिहिले. अकराही वेळा तो माझ्यासारखा बोलू लागला, मामासारखा नाही.

एका प्रकाशकाने या कादंबरीपोटी मला १५,००० रुपये आगाऊ दिले होते. मुदत झाली, वाढवली, ती झाली. मग निरोप आला: ते प्रकरण गाळा, कुणाला कळणार आहे? दिवाळीपूर्वी पुस्तक बाजारात हवे. त्यांची अडचण मला कळते. त्यांचेही दुकान आहे. पण ते प्रकरण गाळले, तर उरते ती एका नोकरदार माणसाची हकिकत. आणि ‘कुणाला कळणार आहे’ हे वाक्य मला झोपू देईना. मामाला त्या दुकानात इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते, तरी ग्लासगोच्या तिघांनी पाच वर्षे घालवलेली त्याला कळलीच होती की!

मी हे रात्री सौभाग्यवतींना मोठ्या आवेशाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, त्यांना लागू देत पाच वर्षं. आपल्या पोरीची फी जूनमध्ये भरायची असते.”

यावर ब्युकॅनन काय म्हणाला असता कोण जाणे. आमची मुलगी रत्नागिरीला शिकते. माझी शाळा विनाअनुदानित, पगाराची तारीख पंचांगात सापडत नाही. आगाऊ घेतलेले पैसे कधीच खर्च झाले होते. म्हणजे हट्ट धरायचा, तर तो आधी परवडवून घेतला पाहिजे.

मी तो असा परवडवून घेतला. कोकणात श्रावणात गावोगाव गणपतीच्या शाळा उघडतात, आणि मूर्ती कितीही रंगवून झाली तरी डोळ्यांच्या आखणीला सराईत हात लागतो. मी पूर्वी हौसेने पाचपंचवीस मूर्तींची आखणी करीत असे. या वर्षी दोन शाळांत मिळून साडेतीनशेच्या वर मूर्तींचे डोळे आखले. शाळा सुटल्यावर, रात्री दोन दोनपर्यंत. शेवटच्या आठवड्यात उजवा हात आपोआप भुवई काढू लागला होता. रात्री जागे राहायला मी तिथे गाणी लावीत असे. ‘हॅट्स’वर सगळे पेंगू लागले. प्रीफॅबवर कुणी तरी म्हणाले, हा फार बोलतो. चालली ती एकटी शाडे. स्पेलिंग वाचायला ‘सेड’ वाटते, पण उच्चार शाडे. बाई नायजेरियात जन्मलेली, इंग्लंडात वाढलेली, आणि तिच्या संघाचेही तेच नाव. १९८४ची तिची ‘डायमंड लाइफ’ लावली की सगळ्यांचे कुंचले एका लयीत चालत. तीही काही घाईची बाई नव्हे. २०००नंतरची तिची पुढची तबकडी थेट २०१०मध्ये आली. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “शाडूच्या गणपतीला शाडेबाई. छान जमलं.” मला वाटते, या सगळ्या मंडळींत त्यांना तेवढी एकच पसंत आहे.

चतुर्थीनंतर मी पैसे परत पाठवले. मुलीची फीही भरली. प्रकाशकाकडून पोच आली, एका ओळीची. शेजारपाजारी आणि शाळेत याला शहाणपण म्हणणारे फार नाहीत. कुमार गंधर्व क्षयाने देवासला काही वर्षे मुके राहिले आणि नवे गाणे घेऊन उठले, हे मी लोकांना ऐकवतो; पण त्यांचे ते आजारपण होते, माझी आडमुठी आहे, असे ते मला तोंडावर सांगतात.

बाईंनी मात्र त्या आठवड्यात वाद घातला नाही. त्यांनी मला पॅडीची पुढली कथा सांगितली. १९९९च्या सुमारास त्याच्या डोळ्यांचे पडदे सुटले. शस्त्रक्रिया झाल्या, वाचणे बंद झाले. तो घरात रेडिओ ऐकत पडून राही, रात्री अनोळखी माणसांची बोलणी टेप करी, आणि त्यांतल्या तुकड्यांतून त्याने २००३मध्ये ‘आय ट्रॉल द मेगाहर्ट्झ’ ही तबकडी केली. तिच्या आरंभी बावीस मिनिटांचे एकच गाणे आहे, आणि त्यात पॅडी गातच नाही. एक स्त्री शांतपणे बोलत राहते, मागे वाद्ये वाजतात. पुढे त्याच्या कानांतही सतत गुणगुण सुरू झाली. तरी २००९मध्ये त्याची एक तबकडी निघाली, ती तर १९९०च्या दशकाच्या आरंभी घरात करून ठेवलेली. आणि २०१३मध्ये आणखी एक. त्याच्याकडे न काढलेल्या गाण्यांच्या पेट्या भरून आहेत असे म्हणतात.

ते बावीस मिनिटांचे गाणे मी ऐकले. पहिल्यांदा अर्धे, दुसऱ्यांदा सगळे. बाईंनी अर्थ सांगायची तयारी दाखवली, ती मी नाकारली. कुणा एका माणसाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून येते आहे, आणि त्यामुळेच ते खरे वाटते आहे, एवढे मला डिक्शनरीवाचून कळले. इतके दिवस मी त्या खलाशाच्या डोक्यात शिरू बघत होतो. त्या रात्री मी बारावा खर्डा सुरू केला तो दुकानातल्या माणसाच्या बाजूने. एक काळासावळा माणूस काचेबाहेर भिजत उभा आहे, आत येत नाही. शेवटी येतो, बोट दाखवतो, पैसे मोजतो, जातो. चार पाने झाली आहेत. बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, “हे चांगलं आहे. पण दुकानदार फारच कमी बोलतो.” मी म्हटले, “तो ग्लासगोचा आहे, डरहॅमचा नाही.”

मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. इंजिनखोलीने त्याचे कान नेले. उजव्याने काहीच ऐकू येत नाही, डाव्याने ओरडून बोललेले कळते. भाऊबीजेला तो आईकडे येतो, चिवड्यातले खोबरे वेचून खातो आणि झोपाळ्यावर डुलक्या घेतो. या खेपेला त्याला ती चार पाने वाचून दाखवायची, म्हणजे ओरडून दाखवायची, असे मी ठरवले आहे. त्याआधी ती कॅसेट लावावी, डाव्या कानाजवळ. कॅसेट सापडली, फिताही शाबूत आहे. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा मात्र वितळून त्याचे काजळ झाले आहे. बाजारातल्या रेडिओवाल्याने जुन्या डब्यांत हात घालून पाहिला आणि सांगितले की तो माप घेऊन कोल्हापूरला विचारील. धनत्रयोदशीपर्यंत आला तर आला.